दोन स्क्रूंची केबल

फार वर्षं झाली. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एक जाड, करडी केबल राहायची. काट्याचा आकडा संगणकाच्या पडद्यावर न्यायचा, एवढंच तिचं काम. पण त्याचा तिला तोरा होता. का नसावा? मात्र गळीत हंगामाच्या पहिल्याच दिवशी काटा सांभाळणाऱ्या हौसाताईंनी तिचे दोन्ही स्क्रू सोडले, तिला भंगाराच्या टोपलीत टाकलं आणि संगणकाच्या शेजारच्या खाचेत नवी निळी वायर बसवली.

"आजीबाई, तुम्हाला स्क्रू पिळून बसवावं लागतं. मी बघा, टक् करून बसते!" नवी खिदळली.

"बस की! गाडी तर येऊ दे," जुनी फणकारली. आतून मात्र ती घाबरली होती, कारण दुपारी भंगारवाला येणार होता.

उसाची पहिली गाडी काट्यावर चढली. खोली हादरली, नवीचा प्लास्टिकचा चिमटा निसटला आणि पडदा कोरा! पुन्हा बसवली, पुन्हा सुटली. बाहेर हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"अहो ताई, ऊस वाळला की!" ड्रायव्हर ओरडला.

हौसाताईंनी टोपली पालथी केली, जुनीला ओढून काढलं आणि दोन्ही स्क्रू करकचून पिळले. आकडा झळकला!

"आजी, आता माझं काय?" नवी मुसमुसली.

जुनीला ऐकायला सवड कुठली! अंगाला हादऱ्यावर हादरे बसत होते आणि ती आनंदानं ओरडत होती, "घ्या, पुढची गाडी घ्या!"