माझं पाचशे एकावं लग्न

महाराजांना नव्या मोटारी ठेवायला जागा हवी होती आणि त्यांच्या डोळ्यांत भरली ती जागा म्हणजे आमचं नाटकगृह! सोनवड संस्थानात थोरल्या महाराजांनी ते कंपनीला वापरायला दिलेलं. कंपनी केव्हाच बुडाली, लोक बोलपटांकडे गेले, पण तिच्यातले आम्ही नऊ म्हातारे रंगपटात वळकट्या टाकून राहत होतो. दुसरं घर कोणालाच नव्हतं. मोटारींना छप्पर मिळालं की आमचं जाणार, इतकं ते सरळ होतं.

अर्ज घेऊन मी गेलो. मी म्हणजे रंगनाथ कडुसकर, वय एकाहत्तर, चव्वेचाळीस वर्षं कंपनीची नायिका. हो, नायिकाच. आमच्या काळी नाटकातल्या बायकांची कामं पुरुषच करत. रंगमंचावर माझी मोजून पाचशे लग्नं झाली आणि निम्मे नवरे पिऊन यायचे. एक जण मीलनाच्या प्रवेशात माझ्या मांडीवर डोकं ठेवून खरोखरच घोरला. गाणं संपेपर्यंत मी त्याच्या बरगडीत बोटं खुपसत होतो आणि लोक म्हणत होते, काय ते प्रेम! वडील गेले तेव्हा डोकं भादरून झाल्यावर न्हाव्यानं माझ्या ओठाकडे पाहिलं आणि वस्तरा पेटीत ठेवला. उतरवायला मिशी होतीच कुठे?

महाराजांनी अर्ज वाचलाच नाही. म्हणाले, "पंत, तुमची ती राजकन्या आमच्या आबासाहेबांना फार आवडायची म्हणे."

"सरकार, थोरले महाराज ढसाढसा रडायचे."

"मग आम्हालाही दाखवा. उद्या दुपारी, गावाला फुकट. सोळा वर्षांची राजकन्या तुम्हीच व्हायचं. प्रेक्षकांतला एक जरी माणूस हसला, तर परवा मोटारी आत येतील. नाही हसला, तर नाटकगृह तुमचं."

कारभारी उपरण्याआड हसले. त्यांचं काय चुकलं? मला एकही दात नाही, उजवा गुडघा वाकत नाही आणि पोट माझ्या अर्धा पाऊल पुढे चालतं.

रंगपटात सुतकच पसरलं. तीस वर्षं माझा बाप झालेला भिवबा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, कपाळाला हात लावून म्हणाला, "रंगू, तुला शालू नेसलेला बघून मीच पहिला हसणार."

"तू प्रेक्षकांत नाहीस. खुशाल हस," मी म्हणालो. "फक्त पडद्यापुढे जाऊन मी सांगतो तेवढं बोल."

दुसऱ्या दिवशी नाटकगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज पुढच्या कोचावर, राणीसाहेब सज्जात चिकाच्या पडद्यामागे. भिवबा पडद्यापुढे आला.

"रसिकहो, आज राजकन्येचं स्वयंवर आहे. तिचा पण ऐका. खेळ चालू असताना जो पुरुष हसेल, त्याच्या गळ्यात ती वरमाला घालील आणि ते लग्न खरं मानलं जाईल. बाई हसली, तर माळ तिच्या नवऱ्याला. गुरुजी विंगेत बसलेच आहेत."

मी हिरवा शालू नेसून, हातात माळ घेऊन आलो. मागे विंगेत आठ म्हातारे एकमेकांचे हात धरून उभे होते. मी पहिलं वाक्य टाकलं, "सखे, माझं वय ते काय!" दातांशिवाय "सखे" कसं ऐकू येतं, हे ज्यानं ऐकलं नाही त्यानं आयुष्यात काहीच ऐकलं नाही. पण कोणी हसेना! डॉक्टरांनी रुमाल चावला. पोस्टमास्तर डोळे मिटून कसलंसं स्तोत्र पुटपुटू लागले. बायकांनी पदराचे बोळे तोंडात घातले आणि नजर आपापल्या नवऱ्यावर ठेवली. मी झोपाळ्यावर बसलो तो गुडघा अडकला. मला उठवायला दोन सख्या आल्या, एक अडुसष्ट वर्षांची, एक सत्तरची. तिसऱ्या रांगेतल्या पैलवानाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. याच प्रवेशाला थोरले महाराज रडायचे.

तीन तास असे गेले. शेवटचं गाणं संपलं, पडद्याच्या दोरीला हात गेला, तेवढ्यात महाराज उठले आणि सावकाश म्हणाले, "हा. हा. हा."

सगळ्या माना कोचाकडे वळल्या.

"आम्हीही प्रेक्षकच की," महाराज मिशीला पीळ देत म्हणाले. "हरलात, पंत."

मी याचीच वाट बघत होतो. खाली उतरलो, लंगडत कोचापाशी गेलो आणि माळ त्यांच्या गळ्यात घातली. विंगेतून गुरुजी गरजले, "सावधान!"

"हा काय चावटपणा?"

"हरले, सरकार," मी पदर सावरत म्हणालो. "नाटकगृह आपलं झालं आणि मीही आपलीच झाले. आता हे माझं माहेर. सासऱ्याला रस्त्यावर काढून जावयानं तिथे मोटारी लावल्या, तर शेजारच्या संस्थानांत काय बोलतील?"

भिवबानं पुढे येऊन हात जोडले. "जावईबापू, पोरीला सांभाळा."

महाराज लालबुंद झाले. "हे नाटकातलं लग्न आहे. आम्ही मानत नाही!"

"मग हसूही नाटकातलंच होतं," मी म्हणालो. "चव्वेचाळीस वर्षं नट आहे मी, सरकार. खोटं हसू मला कळतं आणि आपण ते फार वाईट हसलात. हसू खरं असेल, तर लग्न खरं. लग्न खोटं असेल, तर आज इथे कोणी हसलेलंच नाही. आपणच ठरवा."

महाराजांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. तेवढ्यात चिकामागून राणीसाहेबांचा आवाज आला, "हिला घरी आणणार असाल तर आधी सांगा. मी मोटारीत राहायला जाते."

महाराजांच्या ओठांचे कोपरे थरथरले. "पंत, पडदा पडला का?"

मी मागे खूण केली. पडदा पडला.

आणि महाराज कोचावर आडवे पडून पोट धरून हसले. त्यांच्यामागे अख्खं नाटकगृह तीन तासांचं तुंबलेलं हसू एकदम हसलं. पैलवान तर खुर्ची मोडून खाली बसला. संध्याकाळच्या आत कागद झाला, नाटकगृह आम्हा नऊ जणांच्या नावावर चढलं आणि मोटारी पागेत गेल्या.

तेव्हापासून दर दिवाळीला राजवाड्यातून मला पैठणी येते. सोबत राणीसाहेबांच्या हातची चिठ्ठी असते : "सवतीस सप्रेम. माहेरी सुखात राहावे. सासरी यायची घाई करू नये."