डायनासोरला घरात घेणारा शिरपा

खडकोली गावात शिरपा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. फक्त भलत्या ठिकाणी वापरायचा.

गावाबाहेर डोंगर पोखरून चुनखडी काढलेली जुनी खाण होती. बंद पडून जमाना झाला होता. एकदा शहरातून जयकर मॅडम आल्या, आत बॅटरी मारून बघतात तर काय, खडकात डायनासोरची पावलं! एकेक पाऊल परातीएवढं. शिरपाला राखणीला ठेवलं.

इकडं सटवाजीमामांनी अट घातली, "गौरी जेवायच्या दिवसापर्यंत नोकरी टिकव. त्याच दिवशी सुपारी फोडू." मामांच्या लेकीवर, हौसावर शिरपाचा भारी जीव. त्यामुळं कामात कसूर करायची नाही, असं त्यानं ठरवलं. आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

मॅडम म्हणाल्या, "कुठल्याही माणसाला आत सोडू नकोस."

"बरं."

दुपारी म्हैस आत शिरली. शिरपा बघत बसला. म्हैस काय माणूस आहे?

मॅडम ओरडल्या, "अरे, चार पाय दिसले की दगड मार!"

"बरं. आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सटवाजीमामा नि मामी जावयाचं काम बघायला आले. शिरपानं पाय मोजले. दोन नि दोन चार. घेतला धोंडा. मामी ओढ्यापर्यंत पळाल्या.

आईनं कपाळ बडवलं. "मेल्या, कुणी आलं तर आधी पायावर तांब्याभर पाणी घालावं!"

"बरं. आधी सांगायचं."

शिरपा खाणीत येऊन विचार करू लागला. एवढं मोठं जनावर इथं येऊन गेलं, त्याच्या पायावर कुणी पाणी घातलं का? नाही! गावाची अब्रू गेली की हो. त्यानं प्रत्येक पावलात घागर ओतली. मॅडमनी साच्यासाठी नुकतंच प्लास्टर ओतलं होतं. त्याची पेज झाली.

"गाढवा! पावलं ओली दिसली की राख टाकून कोरडी करायची!"

"बरं. आधी सांगायचं."

संध्याकाळी घरी गौरी आल्या. आईनं उंबऱ्यापासून देवघरापर्यंत ओल्या पिठाची पावलं काढली होती. ओली! शिरपानं चुलीतली राख आणून ओतली. आईनं बोंब मारली, पिठाची वाटी त्याच्याच हातात दिली. त्यानं काढली पावलं, पण देवघराकडून दाराकडं.

"अरे करंट्या, लक्ष्मी घालवतोस? बाहेर जाणारी पावलं दिसली की बुजवायची, आत येणारी काढायची!"

"बरं. आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी गौरींचं जेवण. खाणीवर मोठे साहेब येणार होते. त्यांना पावलं आवडली की शिरपाची नोकरी कायम. शिरपा पहाटेच गेला, बघतो तर डायनासोर आतून बाहेर चाललेला! वाटेसाठी आणलेलं सिमेंट त्यानं कालवलं, एकेक पाऊल बुजवून गुळगुळीत केलं. मग पिठाची पावलं काढली. नाजूक, पाच बोटांची, सरळ आत जाणारी. वर हळदकुंकू वाहिलं.

साहेब आले. वाकून बघतात तर गौरीची पावलं.

मॅडम किंचाळल्या, "डायनासोर कुठाय?"

"निघाला होता मॅडम. बरं झालं, मी वेळेवर आलो. आता आत घेतलाय त्याला."

"चालता हो! पुन्हा इथं पाय ठेवू नकोस!"

शिरपा रडत निघाला. दोन पावलं टाकली नि दचकून थांबला. चुन्याच्या धुळीत त्याचीच पावलं बाहेर चालली होती! त्यानं ती पायानं पुसली, गर्रकन तोंड आत फिरवलं नि उलटा चालत बाहेर पडला.

खाणीच्या दाराशी सटवाजीमामा सुपारी घेऊन उभे. "काय जावई? नोकरी गेली म्हणं?"

"जाईल कशी? पावलं बघा की!"

मामांनी चष्मा लावला. पावलं खरंच आत चालली होती.

मामांनी तिथंच सुपारी फोडली.