म्हाळसाआत्या आणि गुलाबी बैल

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माणसं खोटं बोलायची पण निदान हळू आवाजात बोलायची त्या काळी, कुसळा ओढ्याच्या काठी आलवाडी नावाचं रंगाऱ्यांचं गाव होतं. आल नावाच्या झाडाची मुळं कुटायची, कढईत उकळायची, त्यात लुगडी बुडवायची आणि तांबडीलाल करून बाजारात न्यायची, हा गावाचा धंदा. रंग दिसायला झकास. फक्त तो टिकत नसे. आलवाडीचं लुगडं घेतलं की पहिल्या धुण्यात निम्मा रंग ओढ्याला, दुसऱ्यात नवऱ्याच्या धोतराला आणि उरलेला नेसणारीच्या अंगाला, असं म्हणतात.

रंग कापडावर बसत नसे म्हणून रंगारी अजून मुळं उकळत, आणि वापरलेलं पाणी ओढ्यात ओतत. ओढा बारा महिने लाल. त्यातले मासेसुद्धा नवरीसारखे लाल झाले होते, असं म्हणतात. आलवाडीला त्याचं काही वाटत नसे, कारण ओढा आलवाडीतून पुढे जात असे. आपल्या पुढे गेलेल्या गोष्टीची काळजी गावाने करायची नसते, हा नियम तेव्हाही होता.

पुढे होतं धवळगाव. तिथे पांढऱ्याशुभ्र बैलांची पैदास. पोळ्याला धवळगावकर बैल ओढ्यात धूत आणि मिरवत. त्या वर्षी रायाजी पाटलाचा लाडका बैल पाण्यात गेला पांढरा आणि बाहेर आला गुलाबी. मिरवणुकीत पोरं खिदळली. बैलाला काही कळलं नाही, पाटलाला मात्र सगळं कळलं.

दुसऱ्याच दिवशी पाटील काठ्यावाल्यांना घेऊन आलवाडीत हजर. "ऐका रे रंगाऱ्यांनो," तो म्हणाला, "पुढच्या पोळ्याला माझा एक जरी बैल गुलाबी निघाला, तर तुमची एकेक भट्टी फोडीन. मग रंगवा आपापली तोंडं!"

भट्टी गेली की रंगाऱ्याचं गाव गेलं. सगळी आलवाडी म्हाळसाआत्याच्या ओसरीवर जमली.

म्हाळसाआत्या रंगारीण तर होतीच, पण पंचक्रोशीतली लग्नं जमवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने जमवलेलं लग्न कधी मोडलं नाही, असं म्हणतात. मोडायला आलेल्या दोघांना तिच्यासमोर उभं राहावं लागे, आणि त्यापेक्षा संसार सोपा, असा बहुतेकांचा निष्कर्ष निघे.

शेजारचा जिवाजी रंगारी म्हणाला, "आत्या, आपल्या रंगाला कुणाची तरी दृष्ट लागलीय. त्याशिवाय असा पळ काढेल का तो?"

"पळ काढतोय खरा," आत्या म्हणाली. तिला दुसरंच काहीतरी खुपत होतं. रंग चांगला, कापड चांगलं, आणि तरी दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात. अशी स्थळं तिने पाहिलेली होती.

पण गावाने आग्रह धरला, आणि गावाचा आग्रह म्हणजे भरल्या पोटी वाढलेला भात, नको म्हणता येत नाही. शेवटी पोळा तोंडावर आला तेव्हा आत्या दृष्ट काढायला तयार झाली. दृष्ट काढायची म्हणजे तुरटीचा खडा ओवाळायचा आणि निखाऱ्यावर टाकायचा. तो फुगून त्याचा जो आकार होतो, त्यात दृष्ट लावणाऱ्याचं तोंड दिसतं. कुणाचं तोंड दिसणार हे आलवाडीने आधीच ठरवलं होतं. खड्याने फक्त पाटलासारखं फुगायचं बाकी होतं.

आत्याने उकळत्या कढईवर मोठा खडा ओवाळला. "आल्यागेल्याची, पाप्याची, चांडाळाची..." वाफेने हात ओले झालेले. खडा निसटला आणि डुबुक्कन कढईत पडला.

जिवाजीने कपाळाला हात लावला. "मेलो! आत्या, दृष्ट बाहेर काढायची होती, तुम्ही ती आतच सोडलीत!"

"ओरडू नकोस. मुळं कुटून माझे खांदे मोडलेत, रंग फुकट घालवायची नाही मी." आत्याने त्याच कढईत लुगडं बुडवलं, मुरवलं, वाळवलं आणि भट्ट्यांच्या वरच्या अंगाला, जिथे ओढा अजून लाल झालेला नसे, तिथे नेऊन दगडावर आपटलं.

पाणी नितळच राहिलं.

पुन्हा आपटलं. पाणी नितळच. मग गावातल्या सगळ्या बायकांनी आळीपाळीने ते बडवलं. दगडाला खड्डा पडला पण लुगड्याचा लाल कमी झाला नाही, असं म्हणतात. कढईत पाहिलं तर उरलासुरला रंग लाल गाळ होऊन तळाशी बसलेला, आणि वरचं पाणी विहिरीसारखं.

"उतरली! दृष्ट उतरली!" जिवाजी नाचायला लागला.

आत्या नाचली नाही. मुलाकडचे फार गोड बोलायला लागले की ती दुसऱ्या वाटेनेही चौकशी करत असे. तिने रंगाची दोन मडकी चढवली. एकावर यथासांग दृष्ट काढली, सगळे शब्द म्हटले आणि खडा निखाऱ्यावर टाकला. दुसऱ्यात खडा नुसताच फेकला आणि वर, "पड मेले त्यात!" असं खेकसली.

यथासांग मडक्यातलं कापड ओढ्यात पोचताच रडायला लागलं. शिवी खाल्लेलं कापड लालबुंद राहिलं.

"बघितलंस?" आत्या म्हणाली. "दृष्ट नाही नि बिष्ट नाही. रंगाची आणि कापडाची मुळी ओळखच नव्हती. ही तुरटी मध्ये बसते, एका हाताने कापडाला धरते, दुसऱ्याने रंगाला. मध्यस्थ आहे ती. आणि मध्यस्थासारखीच, लग्न लागल्यावर कुणाला दिसत नाही."

जिवाजी डोळे विस्फारून ऐकत होता. "कळलं, आत्या, कळलं! म्हणजे मंत्र चुकीचा होता. शिवी द्यायला पाहिजे होती!"

"अरे तुरटी धरते, तुरटी!"

"धरते हो. पण शिवी दिल्यावर."

त्या दिवसापासून आलवाडीच्या प्रत्येक कढईत तुरटी पडू लागली, शिवीसकट, आणि ओढ्यात लाल पाणी जायचं थांबलं. पोळ्याच्या सकाळी पाटील काठ्यावाले घेऊन ओढ्यावर उभा राहिला. आलवाडी पलीकडच्या काठावर, श्वास रोखून. म्हाळसाआत्या सगळ्यांच्या पुढे. बैल पाण्यात शिरला. पाटलाने स्वतः त्याची पाठ चोळली, पोट चोळलं, शेपूट पिळून पाहिलं. बैल बाहेर आला तो इतका पांढरा, की दिवसा चांदणं पडलंसं वाटून कोंबडे गोंधळले, असं म्हणतात.

पाटलाचं तोंड पडलं. "आता या काठ्यांचं काय करू?"

"नाचा," आत्या म्हणाली, आणि कढईतल्या लाल गाळाचं मडकं तिने पुढे केलं. "आणि हे घ्या. तुमच्या बैलाला रंग हवाच असेल तर शिंगांना लावा. पाठीला आम्ही आता लावत नाही."

त्या दिवशी दोन्ही गावं पाण्यात नाचली. मासे पुन्हा चंदेरी झाले. मिरवणुकीत मात्र काही जण हळहळले म्हणे, की पाटलाचा तो गुलाबी बैल यंदा का नाही आणला?

म्हाळसाआत्या मेली असं आलवाडीत कुणी म्हणत नाही. फार म्हातारी झाल्यावर ती ओढ्याकडे बघत बसे, आणि एका सकाळी तिच्या जागी पांढरी शिळा दिसली. ती शिळा तुरटीची आहे, असं म्हणतात. मग इतक्या पावसाळ्यांत विरघळली कशी नाही, हे आलवाडीत विचारू नये. जेवण मिळत नाही.

अजूनही पोळ्याला धवळगावचा पहिला बैल त्या शिळेपाशी धुतात, आणि तो पांढरा निघाल्यावरच दोन्ही गावांत पुरणपोळीचा तवा तापतो. शिंगांना आलवाडीचा लाल गाळ. लग्नात नवरानवरीच्या आधी जमवणाऱ्याला वाढतात. आणि गावात नवी सून आली की तिच्या हाताने कढईत तुरटी टाकून घेतात. सून बिचारी लाजत खडा अलगद सोडते. लगेच सासू ओरडते, "अगं, शिवी दे! रंग कसा धरेल?"

"मेले..." सून पुटपुटते.

"मोठ्याने!"

"पड मेले त्यात!"

गाव टाळ्या पिटतं, रंग धरतो. न ओरडता सोडलेल्या खड्यानेही तो तसाच धरला असता. पण हे सांगायचा प्रयत्न म्हाळसाआत्याने जन्मभर केला, आणि आता शिळा झाल्यावर ती नुसती हसते, असं म्हणतात.