मोहरीएवढं सोनं

ठिणगेवाडीच्या टेकडीवर ती दुभंगलेली भट्टी दिसते ना, तिच्यावर तेवढं बसू नका. फोटो खुशाल काढा. आमच्या नवऱ्या लोखंडाची नथ घालतात, त्याचं मूळ तिथं आहे.

असं सांगतात, की भागूजी लोहार हाताचा पक्का, पण तोंडाचा सैल. लेकीची, तानाची, सुपारी फुटली तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "नथ सोन्याचीच हवी, नाहीतर लग्न मोडलं." घरात सोन्याचा कण नव्हता. तरी भागूजी मिशीला पीळ देत बोलून गेला, "माझ्याच भट्टीतून काढतो की!"

झालं! नऊ दिवस भाता ओढला, तीन बाभळी जाळल्या, पण लोखंड ते लोखंडच. ताना पाणी आणून द्यायची आणि पदरानं डोळे पुसायची, तेव्हा बापाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दहाव्या दिवशी भर दुपारी आभाळात एक चांदणी झळाळली. भागूजीनं हात जोडले. तशी ती खेकसली म्हणे, "लेका, जन्मभर मीही भट्टीच पेटवली. हलक्याचं जड करत लोखंडापर्यंत आले आणि चूल विझली! लोखंड जाळून ऊब मिळत नाही. मग माझ्याच अंगावर कोसळले, फुटले, तेव्हा कुठं सोनं झालं. तुमच्या मातीतलं सोनं माझ्या थोरल्या बहिणींचं. पृथ्वी जन्मायच्या आधीच फुटल्या बिचाऱ्या. शोध जा!"

भागूजीच्या डोक्यात एवढंच शिरलं, की फुटायला हवं. त्यानं भट्टीची सगळी तोंडं चिखलानं लिंपली आणि भाता ओढत सुटला.

धडाम! भट्टी फुटली, टेकडीचा कडा उडाला, मिशी जळाली. ताना मात्र शहाणी. तिनं उडालेली माती ओढ्यावर नेऊन पाटीपाटीनं धुतली. तळाशी मोहरीएवढं सोनं चमकलं. बाप हमसून हमसून रडला आणि लोखंडाच्या नथीवर त्यानं तेवढंच बसवलं.

मांडवात विहीणबाईंनी नाक मुरडलं, "एवढंच?"

बिनमिशीचा भागूजी म्हणाला, "एवढ्यासाठी आभाळात चांदणी फुटली, खाली माझी भट्टी फुटली. तुम्ही काय फोडलंत? सुपारी!"

विहीणबाईंनी अक्षता उचलल्या.

आजही आमच्याकडं नवरीची नथ तशीच असते. सासूनं "एवढंच?" विचारायचं, अख्ख्या मांडवानं "सुपारी!" ओरडायचं, आणि नवरीच्या बापानं आदल्या दिवशी मिशी उतरवायची. मला चार लेकी. धाकटीचं परवाच झालं. आता वाढवीन म्हणतो.