कॉम्प्युटरची गोधडी

एक होती मुंगी. नाव तिचं मिरी. गद्रेकाकांच्या टेबलामागं, भिंतीच्या फटीत ती राहायची. फटीत तिचं एक पिल्लू. पिल्लू फार लहान, भूक फार मोठी.

टेबलावर काकांचा कॉम्प्युटर. एक स्क्रीन, एक डबा. काका रोज सोसायटीची सूचना टाइप करायला बसायचे. "पाणी जपून वापरा." वाक्य पुरं व्हायच्या आत कॉम्प्युटर बंद पडायचा. कधी सकाळी, कधी दुपारी. त्याच्या मनाला येईल तेव्हा.

काका म्हणाले, "याच्यात व्हायरस शिरलाय."

व्हायरस म्हणजे सर्दी, एवढं काकूंना ठाऊक होतं. त्यांनी डब्यावर गोधडी पांघरली. कडा नीट खोचल्या. खिडकीचे पडदे ओढले. काकांनी डब्याला दोन थापा मारल्या. तेवढाच उपाय त्यांना येत होता.

एका दुपारी मिरी साखरेचा दाणा घेऊन घरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. स्क्रीनचा उजेड होता. वाट दिसत होती.

आणि फट्.

स्क्रीन काळी. टेबल काळं. मिरीच्या तोंडातून दाणा सुटला. टप्. कुठं पडला, दिसेना.

फटीतून आवाज आला, "आई, भूक."

 मिरी चाचपडत स्क्रीनकडं गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"स्क्रीनताई, स्क्रीनताई, उजळ ना. दाणा दिसेना, पिल्लू उपाशी."

स्क्रीन म्हणाली, "डबा चालला नाही तर मी उजळणार नाही."

मिरी गोधडीखाली शिरली. तुरुतुरु तुरुतुरु. आत तव्यासारखं गरम.

"डबूदादा, डबूदादा, चाल ना. स्क्रीन उजळेना, दाणा दिसेना, पिल्लू उपाशी."

डबा कण्हला. "अंग भाजतंय गं. पंखा फिरला नाही तर मी चालणार नाही."

मिरी डब्याच्या पोटात शिरली. तुरुतुरु तुरुतुरु. तिथं पंखा होता. केवढाली पाती. एकदम फिरली तर मिरीचं काय व्हायचं?

"पंखेमामा, पंखेमामा, फिर ना. डबा चालेना, स्क्रीन उजळेना, दाणा दिसेना, पिल्लू उपाशी."

पंखा घोगरा बोलला, "धूळ उडाली नाही तर मी फिरणार नाही."

धूळ पात्यांना चिकटून बसली होती. करडी, जाड. तिला तोंड कुठं होतं, कळत नव्हतं. मिरी जवळ गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"धूळमावशी, धूळमावशी, उड ना. पंखा फिरेना, डबा चालेना, स्क्रीन उजळेना, दाणा दिसेना, पिल्लू उपाशी."

धूळ कुजबुजली, "वारा शिरला नाही तर मी उडणार नाही."

मिरी बाहेर आली. तुरुतुरु तुरुतुरु. वारा पडद्याआडून आत आला होता. सूं सूं करत घुटमळत होता.

"वारेबुवा, वारेबुवा, शिरा ना. धूळ उडेना, पंखा फिरेना, डबा चालेना, स्क्रीन उजळेना, दाणा दिसेना, पिल्लू उपाशी."

वारा म्हणाला, "गोधडी हटली नाही तर मी शिरणार नाही."

मिरी गोधडीकडं गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"गोधडीआजी, गोधडीआजी, हट ना. वारा शिरेना, धूळ उडेना, पंखा फिरेना, डबा चालेना, स्क्रीन उजळेना, दाणा दिसेना, पिल्लू उपाशी."

गोधडी म्हणाली, "काकूंनी उचललं नाही तर मी हटणार नाही."

काकू. मिरी जागच्या जागी थिजली. काकूंचा अंगठा तिला माहीत होता. त्या अंगठ्याखाली गेलेली मुंगी परत येत नसे.

"आई, भूक." आवाज आता अगदी बारीक झाला होता.

मिरी गेली. तुरु. तुरु. काकू खुर्चीत शेंगा सोलत होत्या.

"काकू, काकू, उचला ना. गोधडी हटेना, वारा शिरेना, धूळ उडेना, पंखा फिरेना, डबा चालेना, स्क्रीन उजळेना, दाणा दिसेना, पिल्लू उपाशी."

काकूंना काही ऐकू आलं नाही. त्या काकांचंही ऐकत नसत. काका नुकतेच म्हणाले होते, की गोधडी जरा काढून बघावी का.

"सर्दी गेली नाही तर गोधडी काढायची नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही गप्प बसा."

काकांनी डब्याला आणखी एक थाप मारली.

आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. मिरी परत फिरली. गोधडीवर चढली. थेट मधोमध जाऊन उभी राहिली. पाय लटलट कापत होते.

काकू डब्याचा ताप बघायला उठल्या. मुंगी दिसायला काकूंना उजेड लागत नाही. अंगठा निघाला. मोठा झाला. आणखी मोठा झाला. मिरीनं डोळे गच्च मिटले. पण ती हलली नाही.

अंगठा थांबला.

"अहो, गोधडीला मुंग्या लागल्या."

एक दिसली की शंभर असतात, असं काकूंचं मत होतं. त्यांनी गोधडी खस्सकन ओढली आणि फडफड झटकली. मिरी उडाली. टेबलावर पडली. उलटी झाली, सुलटी झाली.

आणि गोधडी हटली. वारा शिरला, सूंऽऽ. धूळ उडाली, भस्स. काकांनी बटण दाबलं, टक. पंखा फिरला, गर्रर्र. डबा चालला, घूं. स्क्रीन उजळली, लख्ख.

दाणा दिसला. कीबोर्डच्या दोन बटणांच्या मधल्या फटीत पडला होता.

मिरीनं दाणा ओढून काढला आणि घराकडं धूम ठोकली. तुरुतुरु तुरुतुरु.

उडालेली धूळ काकांच्या नाकात गेली. फॅक्छी.

"बघा," काकू म्हणाल्या, "त्याची सर्दी गेली ती तुम्हाला झाली." आणि त्यांनी काकांना गोधडीत गुंडाळलं. काका एक बोट बाहेर काढून टाइप करत राहिले. "पाणी जपून वापरा." वाक्य पुरं झालं. कॉम्प्युटर चालूच राहिला.

फटीत पिल्लू दाणा खात होतं. कुट कुट कुट. सगळा दाणा संपला. मग पिल्लू म्हणालं, "आई, तू कापतेस का?"

"आता नाही," मिरी म्हणाली, आणि त्याच्याजवळ आडवी झाली.

दाणा पोटात, गोष्ट ओठात. आता दिवा मालवायला हरकत नाही.