धाकूची हाक

फार फार मागची गोष्ट, सड्यावरून गाडीरस्ता नव्हता तेव्हाची. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळाचं पठार. आमच्या भैरीच्या सड्याला एका अंगानं खोल कडा आहे, आणि पायवाट त्या कड्याच्या जवळ जाऊन एकदम वळते. पावसाळ्यात तिथं भरदिवसा असं धुकं उतरतं, की आपलं पाऊल आपल्याला दिसत नाही.

त्या सड्यावर धाकू झोरे नावाचा धनगर राहायचा, तो आणि त्याची बायको सगुणा. एकदा सगुणा खालच्या गावात तूप विकायला गेली आणि परतताना धुक्यात सापडली. धाकू चुलीपाशी बसून होता. तिला वाट ठाऊक आहे, येईल, असं त्याला वाटलं. तिचं वळण चुकलं. ती कड्यावरून खाली गेली.

पुन्हा धुकं आलं तेव्हा धाकू त्या वळणावर जाऊन उभा राहिला आणि तिच्या नावानं हाका मारू लागला. ती येणार नाही हे त्याला कळत होतं. त्याचा भाऊ वर आला, म्हणाला, "खाली चल आता. इथं कोण आहे तुझं?"

धाकू म्हणाला, "आज धुकं आहे. उद्या बघू."

रोज सकाळी तो दार उघडून बघायचा, आणि धुकं असलं की ऊब सोडून निघायचा. भाऊ यायचा थांबला. धाकूचे केस पांढरे झाले.

एके दिवशी धुक्यातून एक कासारीण आली, डोक्यावर बांगड्यांची टोपली.

"बाबा, तुम्ही सगुणाला बोलवत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, ही हाक आपल्याला नाही. म्हणून मी दुसरीकडं वळले. पायाखालचा दगड खाली गेला, तेव्हा कळलं, पुढं कडा आहे."

धाकू तिला वाटेला लावून आला. त्या दिवशी त्यानं चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशीही धुकं होतं. धाकू वळणावर जाऊन उभा राहिला. मग त्यानं हाक दिली, "इकडं या, इकडं." सगुणाचं नाव त्यानं पुन्हा घेतलं नाही.

असं म्हणतात, की त्यानंतर त्याचा आवाज वाढतच गेला. दरीपलीकडची गुरंसुद्धा त्या हाकेला माना वर करायची. किती वाटसरू त्या हाकेच्या आधारानं घरी पोचले, कुणी मोजलं नाही. असंही म्हणतात, की एका पावसाळ्यात माणसं भाकरी घेऊन वर गेली, तेव्हा त्याच्या चुलीच्या राखेत गवत उगवलं होतं, आणि वळणावरून हाक येतच होती.

आजही धुक्यात जो कुणी सडा ओलांडतो, तो त्या वळणावर थांबून "इकडं या" अशी हाक देतो, मागं कुणी असो नसो. तिथं नाव घेऊन मात्र कुणी कुणाला बोलवत नाही.