येसू परटिणीच्या पोटातल्या गोष्टी

"उद्याच्या दरबारात नगरातल्या घराघराची खबर सांगायची, नाहीतर नदीवरचा घाट सोडायचा!" राजाचा हुकूम ऐकला आणि येसू परटिणीच्या हातातलं धोतर हातातच राहिलं.

हुकूम निघाला होता तो दिवाण भास्करपंतांच्या डोक्यातून. साऱ्या नगराचे कपडे येसूकडे धुवायला यायचे. एकाचं दुसऱ्यात मिसळू नये म्हणून ती प्रत्येक घराच्या कपड्यांवर, कोपऱ्यात, बिब्ब्याच्या रसानं कधी न जाणारी खूण घालायची. कुणाची चांदणी, कुणाचे तीन ठिपके. कुठली खूण कुणाची, ते एकट्या येसूला ठाऊक. आणि कपडे काय गप्प बसतात होय? कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाचा नवरा ओसरीवर निजतोय, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, सगळं येसूला सासूच्या आधी कळायचं! कळायचं आणि तिच्या पोटातच राहायचं. म्हणून तर लोक तिच्याकडे निर्धास्तपणे गठ्ठे टाकत.

"एवढी माहिती नदीत वाहून जातेय, महाराज!" दिवाणजी हळहळले होते. "ती आपल्याकडे नको का?"

"कशासाठी?"

"ते आत्ता कसं सांगणार? असू द्यावी. कधीतरी उपयोगी पडेल!"

रणधवल राजाला हे भलतंच पटलं. आणि त्याला एखादी गोष्ट पटली की मग विचारायलाच नको, हट्टी म्हणजे किती हट्टी!

येसूची मात्र पंचाईत झाली. सांगावं तर उद्यापासून एकही घर तिला साधं फडकं द्यायचं नाही. न सांगावं तर घाट गेला. तिनं अजून तोंडही उघडलं नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत निम्म्या बायका आपापल्या परसात स्वतःच धुणं बडवायला लागल्या. कालपर्यंत तिच्याशी तासन्‌तास बोलत बसणाऱ्या, आज तिला बघून दार लोटून घेऊ लागल्या. येसूच्या मनाला फार लागलं ते. "त्या मेल्या दिवाणाचं डोकंच पिळून वाळत घातलं पाहिजे!" ती चरफडली.

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. आपलं काही फुटेल म्हणून जो तो घाबरला होता, पण शेजाऱ्याचं ऐकायला मिळेल म्हणून घरीही कुणी बसलं नव्हतं. राणीसाहेबसुद्धा आवर्जून सिंहासनाशेजारी येऊन बसल्या.

"बोल येसू," राजा म्हणाला. "खोटं बोलायचं नाही आणि काही लपवायचं नाही!"

"नाही लपवत, महाराज. आधी घरची हकीकत सांगते, मग तुम्ही विचाराल त्याचं नाव सांगते. चालेल?"

"चालेल की!"

"एक घर आहे. तिथल्या उशीच्या अभ्र्यांना रोज तुपाचे हात पुसलेले असतात. बुंदीचे कण तर असे चिकटून बसतात की आपट आपट आपटले तरी निघत नाहीत. घरधनी पलंगावर पडून चोरून लाडू खातो, महाराज!"

दरबार खो खो हसला. राजाही हसला, पण जरा बेतानं.

"आणि गंमत अशी," येसू म्हणाली, "की या घरधन्यानं गोड सोडलंय! किल्ल्याचं काम पुरं होईपर्यंत गोडाला शिवणार नाही, असं चारचौघांत सांगून सोडलंय!"

आता अशी प्रतिज्ञा साऱ्या नगरात एकाच माणसानं केली होती, आणि तिची दवंडीही पिटून झाली होती. हसणं एकदम थांबलं. मानकरी आपापली पागोटी सारखी करू लागले. राणीसाहेबांनी हळूच मान वळवून राजाकडे पाहिलं.

"नाव सांगू, महाराज?" येसूनं अगदी गरीब चेहऱ्यानं विचारलं.

"नको!" राजा सिंहासनावरून उठलाच. "नावाची काही गरज नाही!"

"बरं, मग त्याच घरचं पुढचं सांगते. अंगरख्याच्या आत घालायची एक बंडी येते. छाती रुंद दिसावी म्हणून तिच्यात चांगला शेरभर कापूस..."

"पुरे!"

"पण काही लपवायचं नाही ना, महाराज?"

"अगं बाई, लपव! लपव म्हणतो ना!" राजाला घाम फुटला. "लोकांच्या घरातलं असं चव्हाट्यावर मांडतात का?"

"नाहीच मांडत, महाराज. मी तरी आजवर कुठे मांडलं होतं?"

दिवाणजी फणकारले, "म्हणजे हिला एवढं सगळं कळतं, त्याचा राज्याला उपयोग शून्य!"

"आहे की उपयोग, दिवाणजी! खालच्या आळीतून सध्या आजाऱ्यांच्या चादरी फार येतायत. पोटं बिघडलीत लोकांची. तिथली विहीर आजच्या आज उपसून घ्या."

"कुणाकुणाच्या घरून येतायत?"

"ते कशाला हवं? विहीर तर सगळ्यांची एकच आहे!"

राजानं लगेच विहिरीवर माणसं धाडली आणि दरबार उठवला. "उद्या गठ्ठा पाठवते हं, येसूबाई," असं बायका जाता जाता तिच्या कानाशी लागून सांगत होत्या.

येसूही निघाली, तसं राजानं तिला खुणेनं थांबवलं. इकडेतिकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"येसू, घाट तुझाच. पण एक सांग, फक्त एकच. आमच्या दिवाणजींच्या घरून काय काय येतं गं धुण्याला?"

"महाराज, परवा दिवाणजींनीही मला असंच बाजूला घेऊन तुमच्या घरचं विचारलं होतं. त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते."

राजाचा चेहरा खर्रकन उतरला. "त्यांना काय सांगितलंस?"

"काहीच नाही!"

राजा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं येसूच्या ओंजळीत टाकलं आणि नदीचा घाट पिढ्यान्‌पिढ्यांसाठी तिच्या नावानं करून दिला.